सत्तर लाखांची एम५, पण बिलं दीड कोटीच्या गाडीची

प्रश्न : मी ४६ वर्षांचा आहे. हिंगणा एमआयडीसीत माझा छोटा कारखाना आहे, राहायला त्रिमूर्तीनगरला. सध्या स्कोडा ऑक्टाविया वापरतो, ती घरच्यांसाठी राहीलच. मला वर्षानुवर्षं बीएमडब्ल्यू एम५ घ्यायची आहे. दिल्लीच्या एका डीलरकडे २०१८ ची, ३८,००० किलोमीटर चाललेली एम५ सत्तर लाखांत मिळते आहे. या कामासाठी बाजूला काढलेले पैसे ७५ लाख, कर्ज काढायचं नाही. गाडी रविवारी निघेल, वर्षातून तीन-चारदा समृद्धीवरून पुण्याला जाईल, म्हणजे वर्षाला ६,००० किलोमीटरच्या आसपास. मेहुणा म्हणतो, पेट्रोलातच बुडशील, त्यापेक्षा बीएमडब्ल्यूचीच २०२२ ची एम३४०आय पंचावन्न लाखांत मिळते ती घे. सौ. म्हणते, दोन्ही नको. डीलर शनिवारपर्यंत एक लाख टोकन मागतो आहे. वर्षाला खरा खर्च किती येईल आणि मी काय करावं? – एक वाचक, नागपूर

उत्तर : स. न.

आधी मेहुण्यांच्या मुद्द्याचं बोलू, कारण बहुतेकांचा हिशेब तिथेच चुकतो. एम५ शहरात लिटरला ४-५ किलोमीटर देते. समृद्धीवर ११० च्या आसपास क्रूझवर लावली तर ९ पर्यंत जाते. तुमच्या वापरात सरासरी ६ धरा. ६,००० किलोमीटरला १,००० लिटर, नागपूरच्या साधारण १०४ रुपये दराने वर्षाला एक लाख चार हजार. एम३४०आय सरासरी ९ देईल, म्हणजे ६९-७० हजार. दोघींतला फरक वर्षाला पस्तीस हजारांचा. सत्तर लाखांची गाडी घेणारा माणूस त्यात बुडत नाही. बुडवणारी बिलं वेगळीच असतात.

ती येतात कारण जुन्या गाडीची किंमत पडते, सुट्या भागांची पडत नाही. एम५ फेब्रुवारी २०१८ मध्ये ऑटो एक्स्पोत आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत १ कोटी ४३ लाख होती आणि ती पूर्ण बांधलेली आयात होत होती. आज तुम्हाला ती निम्म्यात दिसते, पण हेडलाइट, शॉक अॅब्सॉर्बर, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), ब्रेकच्या डिस्क यांचे दर त्या दीड कोटीच्या गाडीचेच आहेत, आणि दरवर्षी थोडे चढतातच. शिवाय गाडी नेमकी त्या वयात आली आहे, जिथे पहिल्या मालकाची वॉरंटी संपते आणि रबर-प्लास्टिक थकायला लागतं. पहिल्या मालकाने घसारा सोसला, दुरुस्त्या तुमच्या वाट्याला येतात.

आता आकडे. हे तुमच्या ६,००० किलोमीटरचे अंदाज आहेत, गाडीच्या अवस्थेनुसार खालीवर होतील. एम५ : पेट्रोल १.०४ लाख, विमा अॅड-ऑनसह पावणेदोन लाख, वर्षाची नेहमीची सर्व्हिस, म्हणजे ऑइल, फिल्टर, ब्रेक फ्लुइड, प्लगचा वार्षिक वाटा, ७५ हजार, टायरचा वार्षिक वाटा ४५ हजार, ब्रेकचा ५० हजार, आणि अचानक निघणाऱ्या कामांसाठी बाजूला ठेवायचे ३ लाख. झाले साडेसात लाख, म्हणजे किलोमीटरमागे १२५ रुपये. एम३४०आय : पेट्रोल ६९ हजार, विमा १.१० लाख, सर्व्हिस ३५ हजार, टायर ३० हजार, ब्रेक २० हजार, राखीव १ लाख. साडेतीन लाखांच्या थोडं वर, किलोमीटरमागे साठ रुपये. घसारा दोन्हींत धरलेला नाही.

या यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं कलम ते तीन लाखांचं राखीव, आणि लोक नेमकं तेच गाळतात. ते दरवर्षी खर्च होत नाही. दोन वर्षं काहीच होत नाही, मग एका महिन्यात पाच लाखांचं काम निघतं. म्हणून हा पैसा महिन्याच्या उत्पन्नातून काढण्याचा नाही, गाडी घेतानाच वेगळ्या एफडीत ठेवण्याचा आहे.

काम का निघतं ते समजून घ्या. एम५ चं इंजिन ४,३९५ सीसीचं, व्ही८, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर असलेलं, दोन टर्बोंचं. दोन्ही टर्बो इंजिनाच्या बाहेरच्या बाजूला नाहीत, व्हीच्या मधल्या खाचेत बसवलेले आहेत, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही त्यांच्याजवळच. त्यामुळे टर्बो चटकन दाब देतात, पण सगळी धग इंजिनाच्या डोक्यावर साठते. आसपासचे कूलंटचे पाइप, सील, वायरिंगचं आवरण भाजून कडक होतं आणि मग चिरतं. नागपूरच्या मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असताना ही धग निघून जायला वावच कमी. गाडी बंद केल्यावर पंखा आणि कूलंटचा इलेक्ट्रिक पंप काही मिनिटं चालू राहतो, तो बिघाड नाही. लांबून जोरात आल्यावर शेवटचे चार-पाच किलोमीटर सावकाश या, त्याने टर्बोचं आयुष्य वाढतं. कूलंटची पातळी महिन्यातून एकदा, इंजिन थंड असताना, बघा. पाणी घालून पातळी भरू नका. पातळी उतरली म्हणजे कुठेतरी गळतं आहे, ते शोधून घ्या.

ऑइल जवळजवळ साडेदहा लिटर लागतं. डिपस्टिक नाही, इंजिन गरम झाल्यावर स्क्रीनवर मोजणी करायची. स्क्रीनवरचा सर्व्हिसचा काउंटर बराच पुढचा आकडा दाखवेल, तरी तुमच्या कमी वापरात ऑइल वर्षाला एकदा बदला, किलोमीटर कितीही होवोत. थोडं थोडं चालवून उभ्या ठेवलेल्या गाडीच्या ऑइलात ओल आणि कच्चं पेट्रोल उतरतं. ग्रेड बीएमडब्ल्यूच्या मान्यतेचीच घ्या, डब्यावर ती मान्यता छापलेली असते. आणखी एक गोष्ट टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणाऱ्या मीटरवर, दिसेल : थंड इंजिनात इशाऱ्याचा पट्टा खालच्या आरपीएमपासूनच उजळलेला असतो आणि ऑइल तापत जाईल तसा वर सरकतो. तो पट्टा पूर्ण सरकेपर्यंत पाय हलका ठेवा.

गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा, आठ गिअरचा आहे आणि मजबूत आहे. 'लाइफटाइम ऑइल, बदलायची गरज नाही' असं तुम्हाला सांगितलं जाईल. स्वतः झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदला म्हणते. २०१८ ची गाडी वर्षांच्या हिशेबात त्या टप्प्यावर आली आहे. ऑइलपॅन आणि फिल्टर एकत्रच येतो, पॅन प्लास्टिकचा असतो, तो अख्खा बदलायचा.

ब्रेकचं एक काम फोटो बघूनही होईल. चाकाच्या आत कॅलिपर, म्हणजे डिस्कला धरून ब्रेक लावणारे भाग, निळे दिसले तर डिस्क पोलादी, पुढची ३९५ मिलिमीटर व्यासाची. सोनेरी दिसले तर कार्बन-सिरॅमिक. सिरॅमिक दिसायला देखणे, धूळ कमी करतात, जपून वापरले तर खूप टिकतात. पण एक डिस्क फुटली किंवा चाक काढताना कड उडाली तर त्या एका डिस्कचं बिल लाखांत जातं. तुमच्या वापराला निळे कॅलिपरच हवेत. डीलर सोनेरी कॅलिपरचे जास्त पैसे सांगेल, ते देऊ नका.

टायरवर जरा थांबतो, कारण नागपुरात ही गाडी सगळ्यात जास्त त्रास तिथेच देते. २० इंची चाकांवर पुढे २७५/३५ आणि मागे २८५/३५ टायर असतात. २७५ चे ३५ टक्के म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये जेमतेम ९६ मिलिमीटर रबर. आपल्याकडे सिमेंट रोड झाले, पण जिथे नवा सिमेंटचा पट्टा संपून जुनी डांबरी गल्ली लागते किंवा कडेला पेव्हर ब्लॉक बसवलेत, तिथे धारदार पायरी राहते. ६० च्या वेगात त्यावर चाक आदळलं की टायरची भिंत चिमटते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला फुगा दिसतो. फुगा आला की तो टायर संपला, पंक्चरवाला काहीही म्हणो. एक टायर साधारण ३५ ते ५० हजारांना पडतो. पोलादी डिस्क असतील तर याच गाडीची मूळ १९ इंची चाकं बसतात, २७५/४० आणि २८५/४० ची. १४ मिलिमीटर रबर जास्त मिळतं आणि रिम वाकण्याची भीती बरीच कमी होते. एम५ घेतलीतच तर पहिला खर्च हा करा. दिसायला २० इंची छान दिसतात हे खरं, तरी.

टायर जोडीनेच बदला आणि चारही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे ठेवा. दोन्ही गाड्या चारही चाकांना ताकद देतात. पुढच्या आणि मागच्या टायरच्या झिजेत फार फरक पडला तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमधले क्लच सतत घसरत राहतात आणि तापतात. टायरवर चार आकडी कोड बघा, '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाच कितीही खोल असली तरी सहा वर्षांपुढचे टायर घेऊन समृद्धीवर चढू नका. तिथे सिमेंटचा तापलेला पृष्ठभाग, तासन्‌तास एकच वेग आणि कमी हवा यांनी टायर फुटतात. हवा पहाटे, गाडी निघण्याआधी भरा. दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेला असतो, पूर्ण लोड आणि जास्त वेगाचा आकडा वेगळा असतो तो घ्या. गरम टायरमध्ये दाब वाढलेला दिसला म्हणून हवा काढायची नाही. एम५ मध्ये स्टेपनी नाही, हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे रनफ्लॅट टायरही नाहीत, फक्त सीलंटची बाटली आणि कंप्रेसर आहे. बाटलीवरची मुदत तपासा.

पेट्रोलचा दर्जा. २०१८ ची गाडी २० टक्के इथेनॉल येण्याआधीची आहे. टाकीच्या झाकणाच्या आत किती इथेनॉल चालतं ते लिहिलेलं असतं, विकत घेण्याआधी वाचा. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमीच मिळते. शिवाय ते हवेतली ओल ओढतं. महिनाभर उभी राहणारी गाडी टाकी भरून ठेवा, अर्धी टाकी म्हणजे आत हवा आणि ओल. शंभर ऑक्टेनचं महाग पेट्रोल मिळालं तर लांबच्या प्रवासाला उपयोगी, कारण उन्हात ऑक्टेन कमी पडलं की इंजिन ठोका, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटणं, टाळायला स्वतःच ठिणगीचं टायमिंग मागे घेतं आणि ताकद कमी करतं. रविवारच्या धर्मपेठ-सीताबर्डीच्या फेरीला त्याची गरज नाही.

विम्यात दोन गोष्टी बघा. एक, झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता पैसे देणारं अॅड-ऑन. सात-आठ वर्षांच्या गाडीला बऱ्याच कंपन्या ते देत नाहीत, आणि ते नसेल तर रबर, प्लास्टिक, बॅटरी, टायर यांवर निम्मीच रक्कम मिळते. एम५ चा पुढचा बंपर म्हणजे प्लास्टिकच. तेव्हा आधी लेखी कोटेशन घ्या, मग गाडीचा भाव बोला. दुसरी, इंजिन प्रोटेक्ट. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं तेव्हा तळघरांतल्या गाड्या बुडाल्या. पाण्यात उभी राहिलेली गाडी स्टार्ट करायला गेलात तर पाणी सिलिंडरमध्ये जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साधी पॉलिसी ते नुकसान देत नाही. पार्किंग बेसमेंटला असेल तर हे अॅड-ऑन घ्याच. आणि ट्रॅकवर किंवा वेगाच्या चाचणीत झालेलं नुकसान कुठलीच नेहमीची पॉलिसी देत नाही.

उतरणारी बॅटरी आणि वायरिंग कुरतडणारे उंदीर हे उभ्या गाडीचे दोन शत्रू. पार्किंगमध्ये प्लग असेल तर बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा ट्रिकल चार्जर लावा. बॅटरी बदलली की ती गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये रजिस्टर करावी लागते, नाहीतर जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चार्ज होऊन नवीही लवकर मरते. उंदरांसाठी आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा.

दिल्लीच्या गाडीबद्दल. तिथले भाव कमी दिसतात, पण महाराष्ट्रात आणल्यावर दिल्लीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मग इथे नवा एमएच-३१ किंवा एमएच-४९ चा नंबर घ्यायला फॉर्म २७, नाव बदलायला २९ आणि ३०, आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर ३५. या सगळ्याच्या वर इथला रोड टॅक्स, आणि तो तुम्ही दिलेल्या सत्तर लाखांवर नाही, गाडीच्या मूळ किमतीवर, वयाची सूट देऊन लागतो. आयात गाडीला दरही नेहमीपेक्षा जास्त. रक्कम लाखांत जाईल. आरटीओतून आकडा काढून घेतल्याशिवाय सत्तर हा भाव धरूच नका. ७५ मधले उरलेले पाच लाख इथेच संपतात आणि गाडी दारात येते तेव्हा राखीव शून्य असतो. म्हणून या पैशांत ही एम५ घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण तिची ओढ खोटी आहे असं अजिबात नाही. ६०० हॉर्सपॉवर, ७५० न्यूटन मीटर टॉर्क, तोही १,८०० आरपीएमपासून. शून्य ते शंभर ३.४ सेकंदांत. समृद्धीवर मर्यादा १२० ची आहे आणि ती या गाडीला काही क्षणांत लागते, त्यामुळे टॉप स्पीडसाठी नागपुरात कुणी ही गाडी घेऊ नये. तिचं सुख ८० ते १२० मध्ये आहे : ट्रकच्या मागे अडकलात, लेन मोकळी झाली, पाय किंचित दाबला आणि पाच माणसं, चार बॅगा घेऊन ती एखादा गिअर खाली टाकून काही न बोलता पुढे निघते. सकाळी व्ही८ स्टार्ट होतो तो खोल आवाज, पुण्याला पोचल्यावरही न दुखणारी पाठ. चार दारांची, घरच्यांना नेता येणारी आणि एवढी चपळ गाडी फार थोड्या आहेत. ज्याला हे हवं आहे त्याला ते हवंच असतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एम३४०आय त्या सुखाचा मोठा वाटा देते. सरळ सहा सिलिंडर, २,९९८ सीसी, ३८७ हॉर्सपॉवर, शंभरला ४.४ सेकंद. गाडीची जुळणी चेन्नईत होते आणि बरेचसे भाग साध्या ३ सिरीजशी समान, त्यामुळे वाट कमी बघावी लागते. ऑइल साडेसहा लिटर. बघायचं ते हे : ऑइल फिल्टरच्या हाउसिंगच्या गॅसकेटपाशी ओल, कूलंटची पातळी, आणि इंजिन ट्यून केलेलं नाही ना. या गाडीचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणारे पुष्कळ आहेत. विकण्याआधी ते मूळ करून ठेवतात. वॉरंटी शिल्लक असलेली, एकाच मालकाची, अधिकृत सर्व्हिसची नोंद असलेली घ्या. ५५ ला घेतली तर वीस लाख हातात राहतात, म्हणजे पाच वर्षांचा चालवण्याचा खर्च घरात. सौ.ना हा आकडा दाखवा, 'दोन्ही नको' मागचं कारण बहुधा गाडी नसून पुढची बिलं असतील. घेण्याआधी शिवमडक्यापर्यंत वर्धा रोडने एक तास स्वतः चालवा, उन्हात, एसी चालू ठेवून, घरच्यांना मागे बसवून.

मन एम५ वरच असेल तर दोन वर्षं थांबा, ९० लाखांची तयारी करा, आणि महाराष्ट्रातच नोंदलेली, निळ्या कॅलिपरची शोधा. नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला आधी विचारा की एम५ च्या व्ही८ वर काम करणारा माणूस इथे आहे की गाडी पुण्या-मुंबईला न्यावी लागेल. गाडी लादून नेणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकचा तेवढा खर्चही मग हिशेबात धरा.

शनिवारचं टोकन देऊ नका. त्याऐवजी डीलरला चासी नंबरचे शेवटचे सात आकडे मागा. तेवढ्यावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा इतिहास बघता येतो, आणि किल्ली वाचली की त्यात साठलेले किलोमीटर मीटरशी जुळतात का तेही कळतं. एम३४०आयच्या विक्रेत्यालाही हेच मागा. गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये लिफ्टवर चढवून, कॉम्प्युटरला जोडून तपासायला तो तयार असेल तर तपासणीचे पैसे तुम्ही द्या, आणि टोकनच्या पावतीवर 'तपासणीत दोष निघाल्यास पूर्ण परत' असं लिहून, सही-शिक्का घेऊन मगच पैसे सोडा.